दीर्घकालीन वेदना आणि मोबाइलवरील माहिती : समजून घ्या, मगच कृती करा

कंबर, मान, गुडघा किंवा डोके तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिल्यास त्यास दीर्घकालीन वेदना म्हणतात. असे दुखणे मागे लागले की पुष्कळ जण दवाखान्यात येण्यापूर्वी मोबाइलवर माहिती शोधतात. यात गैर काही नाही. आपल्या आजाराविषयी जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र नीट न समजलेल्या माहितीवरून औषध सुरू करणे अथवा थांबवणे धोक्याचे आहे.

माहिती अवघड का वाटते?

रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या विद्यार्थ्यास समजेल इतका सोपा असावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. वेदनेविषयीचा बराचसा मजकूर याहून कठीण असतो. अभनपूर व रायपूर परिसरातील मराठी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि मोबाइलवरील माहिती इंग्रजीत किंवा यंत्राने भाषांतर केलेली, अशी स्थिती असते. वाक्य कळले नाही, तर तो आपला दोष मानू नये.

हे शब्द नीट समजून घ्या

• क्रॉनिक : बराच काळ टिकणारे. याचा अर्थ ‘गंभीर’ किंवा ‘असाध्य’ असा नाही.
• डिजनरेशन : झीज. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पाठदुखी नसलेल्या व्यक्तींमध्येही मणक्यांमधील चकत्यांची झीज विसाव्या वर्षी ३७ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के जणांत आढळते. केवळ या शब्दाने घाबरून जाऊ नये.
• नॉर्मल रिपोर्ट : तपासणीत दोष दिसला नाही, एवढाच अर्थ. आपली वेदना खोटी आहे, असा नव्हे.
• विश्रांती : दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहणे नव्हे. धानाच्या रोवणीसारखे वाकून करायचे काम काही काळ कमी करावे. पण झेपेल तितके चालणे-फिरणे सुरू ठेवावे.
• गरजेनुसार गोळी : दुखेल तितक्या वेळा नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा ओलांडू नये.

वाचताना स्वतःला विचारा

१. हे कोणी लिहिले आहे आणि केव्हा?
२. शेवटी एखादे तेल, चूर्ण किंवा यंत्र विकण्याचा हेतू आहे काय?
३. ‘हमखास’, ‘कायमचा इलाज’ असे दावे आहेत काय?
४. माझे वय, गर्भारपण, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांचा त्यात विचार आहे काय?
५. वाचलेले मी घरच्यांना दोन वाक्यांत सांगू शकतो काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास त्या माहितीवरून कोणतीही कृती करू नये.

औषधांबाबत दक्षता

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन ही एकाच गटातील वेदनाशामके आहेत. नावे निराळी म्हणून ती एकत्र घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. ट्रॅमाडॉल, गॅबापेंटिन यांसारखी नियमित चालू असलेली औषधे, काही वाचून घाबरल्यामुळे, एकाएकी बंद करू नयेत.

अशा वेळी माहिती शोधत बसू नका

पाठदुखीसोबत पायांतील बळ कमी होणे, जांघेभोवती बधिरपणा, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावर ताबा न राहणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, किंवा पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालयात जावे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

कोणाला विचारावे?

वाचलेला मजकूर मोबाइलवर जपून ठेवा आणि जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा सामुदायिक आरोग्य केंद्रात दाखवा. “यातले मला लागू काय?” हा प्रश्न परिचारिकेला अथवा डॉक्टरांना निःसंकोच विचारा. उत्तर आपल्या शब्दांत पुन्हा सांगून खात्री करून घ्या. ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. सततच्या वेदनेने मन खचल्यास टेली-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

न समजलेली माहिती विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.