रात्रपाळी आणि शरीरातले घड्याळ

सकाळी तुम्ही दप्तर घेऊन शाळेला निघता, त्याच सुमारास कुणाचे वडील कारखान्यातून, तर कुणाची आई किंवा मावशी रुग्णालयातून रात्रपाळी संपवून घरी येत असते. ही माणसे रात्रभर जागलेली, दमलेली असतात. नऊ वाजता ती अंथरुणाला पाठ टेकतात. पण दुपारी एकदीडच्या सुमारास डोळे टक्क उघडतात आणि मग काही केल्या झोप लागत नाही. असे का व्हावे? रस्त्यावरचा गोंगाट, खिडकीतून येणारे ऊन ही कारणे खरीच. परंतु शांत, अंधाऱ्या खोलीतसुद्धा दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा अपुरीच राहते. म्हणजे खरे कारण खोलीत नसून शरीरात असले पाहिजे.

या कारणाचा पहिला धागा एका रोपट्याने दाखवला. लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे तुम्ही पाहिले असेल. 1729 साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही पाने ठराविक वेळी उघडत व मिटत राहिली! रोपाला वेळ बाहेरून नव्हे, आतून कळत होती.

माणसाचे काय? 1938 साली अमेरिकेतील नाथानिएल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आपला तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन याच्यासह केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत महिनाभर राहिले. तेथे ना दिवस, ना रात्र. दोघांनी 28 तासांचा दिवस पाळायचे ठरवले. रिचर्डसनच्या शरीराच्या तापमानाचा चढउतार या नव्या दिवसाशी बराचसा जुळला. मात्र 43 वर्षांच्या क्लाइटमनांचे तापमान हट्टाने 24 तासांचेच चक्र पाळत राहिले.

हे घड्याळ कुठे असते, ते आता आपल्याला ठाऊक आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेताा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे 20,000 पेशींचा एक जुडगा असतो. तेच आपले मुख्य घड्याळ. पेशींच्या आत ते कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ रात्री मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडवते, आणि शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली नेते. याच वेळी डुलकी सर्वांत जास्त येते व हातून चुका होतात. यंत्रावर काम करणाऱ्याची किंवा रुग्णाला औषध देणाऱ्या परिचारिकेची ही घटका म्हणूनच धोक्याची. याउलट दुपारी घड्याळ म्हणते, "ऊठ, दिवस आहे!" आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडते. अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली की पचन बिघडते आणि हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढतो.

आता यात पदार्थविज्ञानाचा भाग कोणता, ते पाहू. आपले घड्याळ थोडे मागे पडणारे आहे. बाहेरचा उजेड मुळीच मिळाला नाही, तर त्याचा दिवस सरासरीने 24 तास 10 मिनिटांच्या आसपास भरतो. मागे पडणारे घड्याळ आपण रोज रेडिओवरच्या वेळेशी लावून घेतो ना? शरीराच्या बाबतीत रेडिओचे काम प्रकाश करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, की त्या वस्तू दाखवण्यापेक्षा उजेड किती आहे एवढेच मेंदूला कळवतात. सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो.

झोपाळ्याला धक्का देण्याचा अनुभव तुम्हाला असेलच. तोच धक्का कोणत्या क्षणी दिला यावर झोका वाढणार की मोडणार, हे ठरते. प्रकाशाचेही तसेच आहे. तापमान तळाला जाण्यापूर्वी, म्हणजे रात्री, मिळालेला उजेड घड्याळाला मागे ढकलतो. त्यानंतरचा, म्हणजे सकाळचा उजेड पुढे खेचतो. रात्रपाळीचा कामगार रात्रभर मंद दिव्याखाली राबतो आणि सकाळी लख्ख उन्हातून घरी येतो. त्याचे घड्याळ रात्रीच्या कामाशी जुळणार तरी कसे?

उजेडातला हा फरक आकड्यांत पाहा. पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात तो सुमारे 1,00,000 लक्स असतो, ढगाळ दिवशीही 10,000 च्या घरात. आता 900 ल्युमेनचा एक दिवा घ्या. त्याचा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे मानले, तर 2 मीटर अंतरावर 900 ला 4π × 2² ने, म्हणजे सुमारे 50 ने भागायचे. उत्तर येते अवघे 18 लक्स! दिवा 1 मीटरवर आणला तर उजेड चौपट, म्हणजे 72 लक्स होतो. व्यस्त वर्गाचा नियम तो हाच. 1990 साली अमेरिकेत चार्ल्स झाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रात्री काम करणाऱ्यांना त्यांनी 7,000 ते 12,000 लक्स उजेड दिला आणि दिवसा पूर्ण अंधारात झोपवले. काही दिवसांतच त्यांच्या तापमानाचा तळ पहाटेवरून दुपारवर सरकला.

पण एवढा उजेड प्रत्येक कारखान्यात कुठून आणणार? सुदैवाने, नुसते वेळापत्रक बदलूनही पुष्कळ साधते. अमेरिकेच्या युटा राज्यात मोठ्या खाऱ्या सरोवराच्या पाण्यातून पोटॅश काढण्याचा कारखाना आहे. तेथील कामगारांची पाळी दर आठवड्याला बदले, तीही उलट क्रमाने: रात्र, मग दुपार, मग सकाळ. प्रत्येक वेळी झोपेची वेळ आठ तास अलीकडे येई. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. म्हणजे ते जुळत येईतो पाळी पुन्हा बदललेली! शिवाय जे घड्याळ मुळातच मागे पडणारे, त्याला पुढे ओढणे अधिक अवघड. शास्त्रज्ञांनी क्रम सुलटा केला, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र असा. आणि काही कामगारांची पाळी एका आठवड्याऐवजी 21 दिवसांनी बदलली. 1982 साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामगारांचे समाधान व आरोग्य सुधारले आणि उत्पादनही वाढले. यंत्र तेच होते, माणसेही तीच होती. बदलला होता तो केवळ क्रम.

पाळी किती दिवसांनी बदलावी, याबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. दोन-तीन रात्रींतच पाळी बदलत असेल, तर घड्याळ सरकवण्याच्या फंदात न पडणे बरे, असे अनेकांचे म्हणणे आहे. क्रम सुलटा असावा, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

वेळापत्रक ठरवणे व्यवस्थापनाच्या हाती असते. कामगाराला स्वतःला काय करता येईल? कामावर जाण्यापूर्वी संध्याकाळी थोडी झोप घ्यावी. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर उत्तमच. ती आळस नव्हे, सुरक्षिततेचा उपाय आहे. चहा-कॉफी पाळीच्या पूर्वार्धात घ्यावी, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरते. पोटभर जेवण कामाआधी करावे, मध्यरात्रीनंतर हलकेच खावे. आणि डोळ्यांवर झोप असताना मोटारसायकल चालवू नये, बसने यावे.

आता राहिले तुमचे काम. घरात कुणी रात्रपाळी करत असेल, तर झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावा. तो कापडाचा हवा असे नाही. जाड पुठ्ठाही चालतो. दूरचित्रवाणीचा आवाज कमी ठेवा. दुपारी "आता किती झोपणार?" असे म्हणून त्यांना उठवू नका. त्यांच्यासाठी तीच रात्र असते.

शेवटी एक प्रयोग. बरे वाटत असताना, सुटीच्या दोन दिवशी, उठल्यापासून झोपेपर्यंत दर तीन तासांनी तापमापीने आपले तापमान घ्या व आलेख काढा. जेवणानंतर किंवा खेळून आल्यावर लगेच मोजू नका. सकाळपेक्षा संध्याकाळी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअस जास्त आढळेल. आलेखाची ती चढती रेषा म्हणजे तुमच्या घड्याळाचा काटा. रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाला रोज या काट्याविरुद्ध काम करावे लागते, हे तो आलेख पाहताना आठवा.