पवित्रीकरण (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

पवित्रीकरण ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संज्ञा आहे. श्रद्धावंताच्या अंतःकरणात मशीहा येशू पवित्र आत्म्याच्या द्वारे आयुष्यभर जे कार्य करीत राहतो, त्या कार्यास व त्यातून होणाऱ्या आध्यात्मिक वाढीस हे नाव दिले जाते. येशूचे क्रुसावरील मरण आणि पुनरुत्थान या घटना ख्रिस्ती श्रद्धेनुसार एकदाच व कायमच्या घडून गेल्या आहेत. पवित्रीकरण मात्र चालू असलेले कार्य आहे. ते या जन्मात पूर्णत्वास जाते किंवा नाही, आणि त्यात मनुष्याचा वाटा किती, यांविषयी पंथापंथांत मतभेद आहेत. मराठीत या विषयाचे सर्वांत जिवंत विवेचन अभंगांत आणि आत्मकथनांत आढळते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची जीवने त्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

शब्दविचार

‘मशीहा’ हा मूळ हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा होतो. त्याचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’, त्यावरून ‘ख्रिस्त’. म्हणजे ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नसून ती पदवी आहे. प्राचीन इस्राएलात राजा व याजक यांना पदावर बसविताना तैलाभिषेक करीत, आणि क्वचित संदेष्ट्यालाही. त्यामुळे मशीहाच्या ठायी संदेष्टा, याजक व राजा अशी तीन पदे एकवटली आहेत, असे प्रतिपादन पुढे रूढ झाले. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन याने त्याची पद्धतशीर मांडणी केली. मशीहाचे आजचे कार्यही याच तीन पदांच्या आधारे समजावून सांगण्याचा प्रघात आहे. संदेष्टा या नात्याने तो वचनातून शिकवितो, याजक या नात्याने पित्यापाशी भक्तांसाठी मध्यस्थी करतो आणि राजा या नात्याने त्यांच्या मनावर सत्ता चालवितो.

‘पवित्र’ या शब्दापाशी मात्र मराठी वाचकाने क्षणभर थांबणे आवश्यक आहे. यामागील हिब्रू शब्दाचा गाभा ‘वेगळे काढलेले, देवासाठी राखून ठेवलेले’ असा आहे. मराठीत ‘पवित्र’ म्हणताच सोवळे, स्नान, स्पर्शास्पर्श यांची छटा आपोआप मनात उमटते. सोवळे हे स्पर्शाने मोडते. शुभवर्तमानांत याच्या नेमके उलट घडते: कुष्ठरोग्याला येशू हात लावतो, तेव्हा येशू विटाळत नाही, रोगी शुद्ध होतो. पवित्रता ही जपून ठेवण्याची नव्हे, तर दुसऱ्यापर्यंत पोहोचणारी गोष्ट आहे, हा अर्थ ध्यानी न घेतल्यास ‘पवित्रीकरण’ हा शब्द मराठी कानाला भलतीच दिशा दाखवितो.

शास्त्राधार

नव्या करारातील अनेक उतारे या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ दिले जातात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात द्राक्षवेल व फांद्या यांचा दृष्टान्त आहे. फांदी स्वतःच्या बळावर फळ देत नाही, वेलीतून वाहणाऱ्या रसाने देते. आणि फळ देणाऱ्या फांदीचीच छाटणी केली जाते. आंबा-काजूची कलमे लावणाऱ्या कोकणातील वाचकाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. इब्रीकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशू सर्वदा जिवंत असून आपल्या लोकांसाठी सतत मध्यस्थी करतो, असे म्हटले आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात श्रद्धावंत टप्प्याटप्प्याने प्रभूच्या प्रतिरूपात पालटत जातात, असे वर्णन आहे.

खरी अडचण उभी राहते ती फिलिप्पैकरांस पत्रात. तेथे पौल एकीकडे वाचकांना आपले तारण भीत व कापत साधून घ्या असे बजावतो आणि लगेच, तुमच्या ठायी कार्य करणारा देवच आहे, असेही सांगतो. कर्ता नक्की कोण? दाक्षिणात्य वैष्णव परंपरेतील मर्कटन्याय व मार्जारन्याय यांचा वाद येथे आठवतो. माकडीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला मानेशी धरून नेते. पौलाच्या वाक्यात दोन्ही पिल्ले एकाच वेळी आहेत, आणि ख्रिस्ती पंथांतील पुष्कळसे मतभेद कोणत्या पिल्लाकडे अधिक झुकायचे याविषयीचेच आहेत.

पंथांतील मतभेद

मार्टिन ल्यूथर याने नीतिमान ठरविले जाणे हे केवळ श्रद्धेने होते, यावर भर दिला. त्याच्या मते श्रद्धावंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. कॅल्व्हिनच्या परंपरेत नीतिमान ठरणे व पवित्र होणे या दोन गोष्टी वेगळ्या, पण कधीही न तुटणाऱ्या मानल्या जातात. रोमन कॅथॉलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत, १५४७ साली, नीतिमान ठरण्यातच अंतरंगाचे नवीकरण अंतर्भूत असते असा निर्णय दिला. तेथे या वाढीत संस्कारांना, विशेषतः प्रभुभोजनाला, मध्यवर्ती स्थान आहे. जॉन वेस्ली याने प्रेमाची परिपूर्णता याच आयुष्यात शक्य आहे असे मांडले, आणि त्यावरून बराच वाद झाला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च याच प्रक्रियेला मनुष्याचे ईश्वरी जीवनात सहभागी होणे समजते.

मराठी परंपरेत

ख्रिस्ती आशय मराठी छंदात आणण्याचा मोठा आरंभ गोव्यात झाला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बाणकोट व हर्णै येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२० च्या दशकात काम सुरू केले. परंतु धर्मांतरानंतर मनुष्याच्या आत काय घडत जाते, याचे मराठीतील दर्शन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखनात घडते. धर्मांतराची कथा बाप्तिस्म्यापाशी संपविण्याची सवय आपल्याकडे चरित्रकारांना आणि टीकाकारांना सारखीच आहे. या मंडळींची खरी कथा तेथून सुरू होते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ च्या सुमारास रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची आधी कल्पना नव्हती; त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी दुरावली. ज्या प्रेमधर्माच्या ओढीने टिळक तेथवर आले, त्यातील पहिल्याच पावलाने घर मोडले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात झाकण्याचे कारण नाही. पवित्रीकरणाच्या सिद्धान्तालाही ती सोयीची नसली तरी सुसंगत आहे: बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य घडून संपलेला नसतो.

पुढील चोवीस वर्षांत टिळक बदलत गेले. अहमदनगर येथे त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. या काळात त्यांचा ओढा परकीय वळणापासून वारकरी संतांच्या भाषेकडे वळत गेला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’तील रचनांत येशू हा दूरच्या सिंहासनावरील न्यायाधीश नसून गुरू, सखा, प्रसंगी माउली आहे, आणि भक्ताची वाढ म्हणजे ‘मी’ उणा होत जाणे आहे. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटते, तरी एक फरक राहतो. टिळकांचा सद्गुरू वाट दाखवून बाजूला होत नाही. शिष्याच्या आत राहून चालणाराही तोच असतो. मध्यस्थी व अंतर्वास हे दोन शास्त्रीय मुद्दे अभंगात अशा रीतीने एकत्र येतात.

१९१७ साली टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. येशूच्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या शिष्यांना त्यात स्थान होते. हे अनेक धर्मोपदेशकांना मान्य होण्यासारखे नव्हते. मशीहाचे कार्य मंडळीच्या पटावर नाव लागण्याच्या आधी सुरू होऊ शकते काय, हा प्रश्न त्यांनी व्यवहारात आणला. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाल्याने तो तसाच राहिला.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची वाट निराळी होती. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतःचे सोवळे, हट्ट आणि राग कोणतीही सारवासारव न करता लिहिले आहेत. पतीकडे परतल्यावरही त्या आरंभी हिंदू राहूनच वेगळा स्वयंपाक करीत. मग जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: सोवळे आधी सुटले, विधी नंतर आला. कोणी शास्त्रार्थ करून त्यांना पटविले नव्हते. मराठीत पवित्रीकरणाचे इतके रोखठोक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात दुसरे नाही, आणि पुस्तकात तो शब्द घेऊन त्यावर प्रवचन केलेले नाही हे त्याचे बळ आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्या साक्षीत मात्र त्या म्हणतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. ती प्रचीती सुमारे आठ वर्षांनी आली. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे संजीवन घडले, त्यात पापकबुली, अश्रू व उत्कट प्रार्थना यांना मोठे स्थान होते.

भाषेचा प्रश्न

रमाबाई व टिळक यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द वाचकाला जुन्या कल्पनांकडे ओढून नेतील, अशी त्यांना शंका होती, म्हणून असे शब्द त्यांनी शक्यतो टाळले. टिळकांना तेच शब्द, तेच छंद, तीच आर्तता हवी होती; तो वारसा त्यांनी ओझे मानला नाही. वर सांगितलेली ‘पवित्र’ शब्दाची अडचण पाहता रमाबाईंची शंका निराधार म्हणता येत नाही. पण गाण्याच्या बाबतीत मराठी मंडळ्यांनी कौल टिळकांच्या बाजूने दिला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची पुष्कळ पदे असून ती रविवारच्या उपासनेत आजही म्हटली जातात.