व्यसनमुक्ती रुग्णालय पारखताना...

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या २८ रुग्णांचा तीत बळी गेला. बरे होण्याच्या आशेने आप्तांनी त्यांना तेथे ठेवले होते. म्हणूनच व्यसनी वा मनोरुग्ण आप्ताला दाखल करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न नोंदणीचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार व्यसनाशी निगडित विकारही मानसिक आजारांत मोडतात आणि अशा रुग्णालयास नोंदणी अनिवार्य आहे. दुसरा, रात्री डॉक्टर हजर असतात काय? जुन्या मद्यपीची दारू एकाएकी सुटल्यास पहिल्या काही दिवसांत झटके वा भ्रम उद्भवतो. तो प्राणावरही बेतू शकतो. तिसरा, रुग्णाला घरच्यांशी बोलता-भेटता येते काय? तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. साखळीने बांधण्यास तर पूर्ण मनाई आहे. आणि शेवटचा, घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करणार?

ही उत्तरे टाळणाऱ्या संस्थेपासून दूर राहणेच श्रेयस्कर. प्राथमिक सल्ल्यासाठी ‘टेली मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.