निमिषाच्या आतील काळ

‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’, असे आपण अत्यल्प काळाविषयी म्हणतो. पदार्थाच्या अंतरंगातील इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने मात्र तेवढा काळ म्हणजे एक युगच होय. त्याची हालचाल ॲटोसेकंदांत मोजावी लागते. सेकंदाच्या अब्जांश भागाचाही अब्जांश भाग म्हणजे एक ॲटोसेकंद. विश्वाच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या आयुष्यात जितके सेकंद लोटले, त्यांहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात सामावतात.

धावत्या घोड्याचे छायाचित्र स्पष्ट यावयाचे, तर कॅमेऱ्याची झडप क्षणमात्रच उघडावी लागते. इलेक्ट्रॉनसाठी ही झडप प्रकाशाच्या स्पंदाची असते. अडचण अशी, की दृश्य प्रकाशाच्या एका आंदोलनासच हजाराहून अधिक ॲटोसेकंद लागतात. त्याहून आखूड स्पंद त्यापासून थेट घडविता येत नाही.

वाट सापडली ती १९८७ साली, पॅरिसजवळील साक्ले येथे. ॲन लुइलिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्क्रिय वायूतून अवरक्त लेसरचा झोत सोडला. प्रकाशाच्या प्रभावाने अणूतून खेचला गेलेला इलेक्ट्रॉन माघारी येऊन आदळतो आणि मिळविलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत करतो. जुळलेल्या तंबोऱ्यात न छेडलेला गंधारही ऐकू यावा, तसे या प्रकाशात मूळ झोताचे अनेक उच्च स्वर उमटले. हे स्वर नेमके एकमेकांत मिळाले, की अतिलघु स्पंद निर्माण होतो. २००१ साली पिएर अगोस्तिनी यांनी २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका, तर फेरेन्ट्स क्राउस यांनी ६५० ॲटोसेकंदांचा एकेरी स्पंद सिद्ध केला.

याचे फलित कोणते? प्रकाश पडताच अणूतून इलेक्ट्रॉन तत्क्षणी सुटतो, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१० साली जर्मनीत निऑन वायूवर प्रयोग झाला. एका स्पंदाने इलेक्ट्रॉन मुक्त केले. सोबतच्या लेसरलहरीने त्यांना दिलेल्या धक्क्यावरून त्यांच्या सुटण्याची वेळ ताडली. एकाच अणूच्या दोन भिन्न कक्षांतील इलेक्ट्रॉनांच्या सुटण्यात सुमारे २१ ॲटोसेकंदांचे अंतर आढळले. ‘तत्क्षणी’ या शब्दाच्या पोटातही काळ दडलेला होता! रासायनिक बंध जुळताना वा तुटताना इलेक्ट्रॉन काय करतात, हे जाणण्याचे साधन त्यामुळे हाती आले आहे.

या तिघांना २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वार्ता आली तेव्हा लुइलिए स्वीडनमधील लुंड विद्यापीठात शिकवीत होत्या. मधल्या सुटीत त्यांनी दूरध्वनी घेतला आणि वर्गात परतून उरलेला तास पूर्ण केला.