सांधे आणि उपचार, लेखांक ६ : खुब्याला हात लावण्याआधी

गेले दोन आठवडे आपण कंबरेत अडकलो होतो. आता एक पायरी खाली उतरू. कायरोप्रॅक्टर म्हटलं की लोकांना पाठ आणि मान आठवते, शिवाय मोबाइलवरच्या रीलमधला तो ‘कट्ट’ आवाज. पण कंबर दुखते म्हणून येणाऱ्यांपैकी काहींचं मूळ दुखणं खुब्यात असतं, आणि खुबा गेला म्हणून घाबरून आलेल्यांपैकी काहींचा खुबा ठणठणीत असून कुरकुर मणक्याची असते. ही सरमिसळ सोडवणं हे इथलं निम्म्याहून जास्त काम. कोणत्या खुब्याला झटका द्यायचा नाही हे ज्याला पक्कं कळतं, त्यालाच मी चांगला कायरोप्रॅक्टर म्हणेन. बाकीची हातचलाखी सरावाने कुणालाही येते.

१८९५ साली तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही आज खुब्याच्या तपासणीत एकत्र येतात. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. कायरोप्रॅक्टिकचा जन्म तो. (बहिरेपणाची ही कथा वैद्यकशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, आणि आजचे अभ्यासू कायरोप्रॅक्टरही तिच्यावर विसंबत नाहीत.) त्याच वर्षी फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांची झुलती चाल नेमकी का होते याचं वर्णन छापलं. आणि नोव्हेंबरमध्ये रोंटगेनला क्ष-किरण सापडले. या तिन्हींतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ट्रेंडेलेनबुर्गची चाचणी. तिला ना टेबल लागतं ना यंत्र.

खुबा शरीरात फार खोल बसलेला आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कटीच्या हाडातल्या वाटीत, वाटीच्या कडेला कूर्चेची गोट, त्यावर जाड आवरण, आणि वरून शरीरातले सर्वांत दणकट स्नायू. गुडघ्यासारखा तो बोटांनी चाचपता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न साधा असतो: ‘कुठे दुखतं, एका बोटाने दाखवा.’ बोट जांघेत गेलं तर संशय सांध्यावर. काही जण बोट न दाखवता अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी हाताची पकड खुब्याभोवती धरतात, तेही सांध्याचंच लक्षण. बोट बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर गादीला टेकणाऱ्या हाडावर गेलं तर बहुधा तिथल्या स्नायूबंधांचं दुखणं. कुल्ल्यात गेलं तर आधी कंबर तपासायची. आणि बोट गुडघ्याकडे गेलं तरी खुबा सुटत नाही. दोन्ही सांध्यांना काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे गुडघ्याचे एक्स-रे पुन्हापुन्हा काढून, तेलं चोळून, पट्टे बांधून झालेले रुग्ण येतात आणि दोष निघतो वरच्या सांध्यात.

मग विचारपूस. मोजे घालता येतात का, पायाची नखं कापायला पाय वर घेता येतो का, रिक्षात चढताना कोणता पाय आधी टाकता, मांडी घालून बसणं कधीपासून सुटलं. आपल्याकडच्या माणसाचा खुबा पाश्चात्त्य माणसाच्या खुब्यापेक्षा जास्त काम करतो. पाटावर जेवण, देवघरात मांडी, शेतात निंदणी करताना उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास. त्यामुळे सांधा आखडू लागला की आपल्याकडे ते लवकर कळायला हवं. पण होतं उलट. माणूस गुपचूप खुर्चीवर सरकतो आणि वयाला दोष देतो.

आता तपासणी जवळून पाहू. रुग्ण उभा. एका पायावर उभं राहायला सांगायचं, तपासणाऱ्याचे दोन्ही हात कटीच्या कडांवर. निरोगी माणसात उचललेल्या पायाकडची कड किंचित वर जाते किंवा समान राहते. ती खाली झुकली, तर ज्या पायावर उभा आहे त्या बाजूचा खुब्याचा बाहेरचा स्नायू कटी तोलून धरू शकत नाही. ट्रेंडेलेनबुर्गने हेच दाखवलं. अर्धा मिनिट तसंच उभं ठेवलं आणि बाहेरच्या हाडाशी ओळखीची कळ आली तर स्नायूबंधाचा संशय बळावतो.

पाठीवर निजवून ह्यू ओवेन थॉमस यांची चाचणी. एक गुडघा छातीशी घट्ट धरायचा आणि दुसरी मांडी टेबलावरून उचलली जाते का ते पाहायचं. खुबा पुढच्या बाजूने आखडलेला असेल तर एरवी माणूस कंबरेत बाक देऊन ते झाकून नेतो, गुडघा छातीशी घेतला की बाक मोडतो आणि चोरी उघडी पडते. हे थॉमस वेल्समधल्या अँगलसीच्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे, मुलाने रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतलं, आणि त्यांच्या नावाच्या खपाचीने पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. हाताने उपचार करणाऱ्यांना नाकं मुरडणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ही वंशावळ लक्षात ठेवायला हरकत नाही.

सगळ्यांत जास्त सांगून जाते ती मांडी आतल्या बाजूला वळवण्याची हालचाल. खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात, एक हात गुडघ्यावर, दुसरा घोट्याशी. पाऊल बाहेर नेलं की मांडीचं हाड आत वळतं. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून शिकाऊ मुलं इथे हमखास गोंधळतात. सांध्याची झीज होऊ लागली की बहुतेकदा हीच हालचाल आधी जाते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९१ मध्ये ठरवलेल्या निकषांत खुबा दुखत असताना ही हालचाल १५ अंशांहून कमी आणि गुडघा पोटाकडे घेण्याची हालचाल ११५ अंशांच्या आत असेल, तर खुब्याच्या झिजेचं निदान एक्स-रेशिवायही करता येतं. एक्स-रेवर आपला भरवसा वाजवीपेक्षा जास्त आहे. ज्यांचा खुबा वारंवार दुखतो त्यांतल्या पुष्कळांच्या एक्स-रेत झीज दिसत नाही, आणि झीज दिसणाऱ्या पुष्कळांना दुखत नाही.

यानंतर जो टप्पा येतो तो घाईत कधीच उरकू नये. टेबलावर न घेता पुढे पाठवण्याचे रुग्ण. ताप असलेलं, पाय टेकायला तयार नसलेलं मूल: त्याच दिवशी रुग्णालय. वयात येणारा, बहुधा वजनदार मुलगा, लंगडतो आणि गुडघा दुखतो म्हणतो, खुबा वाकवताना मांडी आपोआप बाहेर फिरते: मांडीच्या हाडाचं वाढीचं टोक सरकत असण्याची शक्यता, चालवतही नेऊ नये. मॅरेथॉनची तयारी एकदम वाढवलेली तरुणी, भार दिला की जांघेत कळ: मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असू शकतो. पहिला एक्स-रे अनेकदा निर्दोष येतो आणि एमआरआयमध्ये तडा दिसतो. वजन घटतंय, संध्याकाळी कणकण आहे, खुबा हळूहळू आखडतोय: आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही.

आणि रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचं डोकं मरणं. दारू, स्टेरॉइड आणि सिकलसेल ही त्याची ठळक कारणं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, तेव्हा तिथल्या तरुणाचा खुबा दुखला तर सिकलसेलबद्दल आधी विचारावं. कोविडनंतर या दुखण्याकडे पुन्हा लक्ष गेलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असे तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. कोविडच्या उपचारात तिघांना स्टेरॉइड मिळालं होतं आणि कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी दोन महिन्यांच्या आत खुब्याची लक्षणं सुरू झाली होती. अशा खुब्याला जोराचा झटका देणं म्हणजे खचत्या भिंतीला खांदा मारणं. कृत्रिम खुबा बसवलेल्यांनाही झटका नकोच, तो निखळू शकतो.

हे सगळं वगळल्यावर जे उरतात, त्यांत दोन गट मोठे. पहिला गट बहुतांशी चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचा. बाहेरच्या हाडाशी दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना कळ येते, पण मोजे घालता येतात, मांडीही बऱ्यापैकी फिरते. पूर्वी याला पाण्याच्या पिशवीची सूज म्हणत आणि सरळ इंजेक्शन टोचत. बऱ्याच जणींमध्ये दोष असतो तो खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंच्या बंधांत. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे डोळे उघडणारी आहे. आठ आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण समजावणी आणि व्यायाम दिलेल्या गटात सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के. वर्षाअखेरीला इंजेक्शनवाले आणि वाट पाहणारे यांच्यात फारसं अंतर उरलं नाही, व्यायामवाले मात्र पुढेच राहिले.

त्या समजावणीत होतं काय? बंध हाडावर दाबला जाईल असं बसणं-उभं राहणं टाळा. म्हणजे पायावर पाय टाकून बसू नका, एका खुब्यावर लटकून बसची वाट पाहू नका, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. यात मी आपल्याकडची भर घालेन: पोराला कडेवर घेऊन, एका बाजूला कमरेत झुकून तासन्‌तास वावरणं. आणि गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढण्याचा तो लोकप्रिय ताण काही दिवस बंदच. तो केला की लगेच सैल वाटतं आणि रात्री जास्त दुखतं. व्यायामाची सुरुवात पाठीवर पडून कंबर उचलण्यापासून, मग उभ्याने, मग पायरीवर. इथे कायरोप्रॅक्टरच्या झटक्याला जवळपास काम नाही, आणि तो तसं सांगतो की नाही यावर त्याची पारख करावी.

दुसरा गट झिजेचा. इथे हातांना काम आहे. पाय जरा वाकवलेला, जरा बाजूला, घोट्याच्या वर दोन्ही हातांची पकड, आणि मांडीच्या रेषेत सावकाश ओढ. सांधा याच स्थितीत सर्वांत सैल असतो. गरज आणि रुग्णाची तयारी असेल तर शेवटी छोटा, जलद झटका. आवरण ताणलं जातं, कळ काही काळ मागे हटते, हालचाल थोडी मोकळी होते. किती? नेदरलँड्समध्ये २००४ साली १०९ जणांच्या चाचणीत पाच आठवड्यांनी हाताच्या उपचारांनी ८१ टक्के लोकांना फरक जाणवला, फक्त व्यायामाने ५० टक्क्यांना. डेन्मार्कमध्ये ओडेन्से इथे २०१३ मध्ये ११८ जणांवर खुद्द कायरोप्रॅक्टरच्या हातून झालेल्या चाचणीत समजावणीला हाताच्या उपचारांची जोड दिलेला गट सहा आठवड्यांत सरस ठरला. एवढं वाचून हुरळून जाणाऱ्यांनी २०१४ ची ऑस्ट्रेलियातली चाचणीही वाचावी. १०२ रुग्ण, निम्म्यांना हाताचे उपचार आणि व्यायाम, निम्म्यांना बंद ठेवलेलं अल्ट्रासाउंड यंत्र आणि साधी जेल. तेरा आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. आपुलकीने चौकशी करणाऱ्या माणसाचा हातभार यात किती, हे वजा करणं सोपं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची शिफारस मला पटते: खुबा किंवा गुडघ्याच्या झिजेत हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच. ओढीनंतर जो मोकळेपणा मिळतो त्याच तासात बळ वाढवण्याचा व्यायाम करून घेतला नाही, तर पुढच्या आठवड्यात रुग्ण पुन्हा टेबलावर, आणि बिल पुन्हा हातात.

तरुण खेळाडूंमधल्या हाडांच्या आकाराच्या बिघाडाबद्दल, ज्यात वाकवताना हाड वाटीच्या कडेला घासतं, थोडक्यात: खोल बैठका कमी करणं आणि कंबर-खुब्याचं बळ वाढवणं यांनी अनेकांना आराम पडतो. ब्रिटनमधल्या २०१८ च्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि व्यायाम दोन्हींनी फायदा झाला, शस्त्रक्रियेचा काहीसा जास्त.

‘तुमचा एक पाय आखूड झालाय, खुबा सरकलाय, बसवून देतो’ हे वाक्य ऐकलं की चपला घालाव्यात. अपघाताने खरोखर निखळलेला खुबा घेऊन कुणी जिना चढून दवाखान्यात येत नाही, त्याला भूल देऊन बसवावं लागतं. पालथं निजवून टाचा जुळवून दाखवलेला पाऊण सेंटिमीटरचा फरक कूस जरा सरकली तरी बदलतो. भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी ब्रिटनसारखी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे शिक्षण कुठे आणि किती वर्षं झालं हे विचारण्याचा संकोच करू नये.

सहा आठवड्यांत चालणं, झोप, जिना यांपैकी काहीच सुधारलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. सांधा बदलण्याची वेळ आलेल्या माणसाला ‘अजून दहा बैठका’ म्हणून अडकवून ठेवणं हा उपचार नव्हे. तोवर काठी वापरायला लाजू नये. विल्यम ब्लाउंट या अमेरिकी शल्यविशारदाने १९५६ मध्ये काठी फेकून देऊ नका असं सांगणारा लेखच लिहिला होता. मात्र आपल्याकडे पुष्कळ माणसं ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. चालताना आपण एका पायावर असतो तेव्हा त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, कारण कटी तोलून धरायला बाहेरच्या स्नायूला जोर लावावा लागतो आणि तो जोर सांध्यावरच दाबतो. काठी विरुद्ध हातात असेल तर ती कटी दुसऱ्या टोकाकडून उचलून धरते आणि स्नायूची ओढ घटते. म्हणजे उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात, ती टेकायची उजव्या पावलाबरोबर, आणि हात सैल सोडून ताठ उभं राहिलं की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.