सामायिक सर्व्हरवरील नोंदी आणि प्रवेशाचे अधिकार

पीक प्रात्यक्षिकांच्या नोंदी, मृदा परीक्षणाचे अहवाल आणि लाभार्थी शेतकऱ्यांच्या याद्या फाइल सर्व्हरवर जमा करताना सर्वांनी एकच खाते वापरावे व त्याचा पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवून ठेवावा, ही सवय सोयीची असली तरी घातक आहे. एखादी फाइल नाहीशी झाल्यास ती कोणी काढली, हे अशा वेळी सर्व्हरच्या नोंदवहीवरूनही उमगत नाही. कापणी उरकल्यावर त्या हंगामाचे उत्पादन पुन्हा मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्यास स्वतंत्र खाते व कामापुरतेच अधिकार द्यावेत.

लिनक्स प्रणालीत वाचण्यास 4, लिहिण्यास 2 आणि चालविण्यास 1 असे अंक असून ते मालक, गट व इतर या क्रमाने मांडतात. फोल्डरच्या बाबतीत शेवटचा अधिकार म्हणजे आत प्रवेश. फोल्डरला 750 दिल्यास मालकास सर्व अधिकार मिळतात, गटास आत जाऊन यादी पाहता येते, इतरांना मज्जाव होतो. अडचण आली की 777 देऊन मोकळे होणारे कमी नाहीत. ते म्हणजे कोठाराचे दार काढून ठेवण्यासारखेच.

येथे एक गल्लत हमखास होते. फाइल केवळ वाचण्यापुरती ठेवली की ती सुरक्षित झाली, असे वाटते. प्रत्यक्षात फाइल पुसण्याचा अधिकार तिच्यावर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या लेखन-अधिकारावर अवलंबून असतो. सामायिक फोल्डरला ‘स्टिकी बिट’ लावल्यास एका वापरकर्त्याला दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. त्याहून उत्तम म्हणजे आलेल्या फाइली ठरावीक वेळी वेगळ्या संग्रहात हलवाव्यात आणि तेथे केंद्रांना केवळ वाचनाचा अधिकार असावा.

बँक खाते क्रमांक असलेल्या याद्या निराळ्या गटाकडेच असाव्यात. साध्या एफटीपीत पासवर्डही उघडाच प्रवास करतो. त्याऐवजी एसएफटीपी वापरावे.

कर्मचाऱ्याची बदली झाली की कार्यमुक्तीच्या दिवशीच त्याचे खाते बंद करावे. केवळ पासवर्ड बदलणे पुरेसे नाही. सर्व्हरवर त्याची सार्वजनिक की शिल्लक असल्यास तिच्या आधारे प्रवेश चालूच राहू शकतो. तीही काढून टाकावी.