वीजदरवाढीची सुनावणी : तिथे काय बोलायचं?



आजचा विषय दर महिन्याला आपल्या दारात येतो. विजेचं बिल. तुम्ही पुण्यात राहत असा, बडोद्यात, इंदूरला, बेळगावात किंवा दिल्लीत, एक बातमी तुम्हाला अधूनमधून वाचायला मिळतेच : ‘वीज महागणार’. आपण चिडतो, चार जणांत बोलतो आणि शेवटी मुकाट्यानं बिल भरतो. पण ती बातमी आणि नवं बिल यांच्या मध्ये एक टप्पा असतो. त्या टप्प्यावर बोलायचा हक्क आपल्याला कायद्यानं दिला आहे. तो टप्पा म्हणजे जाहीर सुनावणी. तिथे काय घडतं आणि काय बोललं तर उपयोग होतो, ते आज बघू.

दर ठरवतं कोण?

कंपनी दर मागते, पण ठरवत नाही. मंत्रिमंडळही ठरवत नाही. दर ठरवतो वीज नियामक आयोग. महाराष्ट्रात तो १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याआधी हा विषय वीज मंडळ आणि सरकार यांच्यातला होता. पुढे २००३ चा वीज कायदा आला आणि ही पद्धत देशभर पक्की झाली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, दिल्ली यांचे आपापले आयोग आहेत. गोवा आणि काही केंद्रशासित प्रदेशांसाठी एक संयुक्त आयोग आहे. म्हणजे तुम्ही कुठेही राहत असा, पुढची माहिती तुमच्या कामाची आहे.

या कायद्याचं कलम ६४ लक्षात ठेवा. कंपनीनं दराचा अर्ज केला की त्याचा सारांश लोकांसाठी प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आयोगानं निर्णय द्यायचा असतो. ‘विचारात घेऊन’ हे शब्द कायद्यातच आहेत.

अर्जात असतं काय?

कंपनी सांगते, ‘येत्या वर्षात आम्हाला इतके कोटी लागतील. आजच्या दरानं इतकेच मिळतील. मधली तूट भरून द्या.’ या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा. त्यानंतर पारेषण, पगार, देखभाल, कर्जावरचं व्याज, घसारा आणि भांडवलावरचा परतावा.

आता ‘गळती’ हा शब्द समजून घेऊ. समजा, कंपनीनं १०० युनिट वीज ५ रुपये दरानं घेतली. खर्च झाला ५०० रुपये. वाटेत तारांमध्ये आणि चोरीत १५ युनिट गेले, तर उरलेल्या ८५ युनिटांवर ते ५०० रुपये वसूल करायचे. म्हणजे युनिटला ५ रुपये ८८ पैसे. गळती २० असेल तर तोच खर्च ६ रुपये २५ पैसे होतो. पाच युनिटांच्या गळतीचे ३७ पैसे झाले, आणि ते भरतो प्रामाणिकपणे बिल भरणारा ग्राहक. म्हणून आयोग गळतीचं उद्दिष्ट ठरवून देतो. ते गाठता आलं नाही तर सगळा भार ग्राहकावर टाकता येत नाही.

एका प्रश्नानं काय होतं?

महाराष्ट्राच्या आयोगापुढे पहिली मोठी दरसुनावणी झाली, तिचा आदेश मे २००० मध्ये आला. तेव्हाचं राज्य वीज मंडळ आपली गळती १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. पण बहुतेक शेतीपंपांना मीटरच नव्हते. बिल पंपाच्या अश्वशक्तीवर यायचं. मग शेतीनं किती वीज वापरली, हे कळायचं कसं? तर अंदाजानं. आणि अंदाजाची एक सोय असते. चोरीला गेलेली वीजही शेतीच्या खात्यात टाकता येते. कागदावर गळती कमी दिसते आणि शेतकरी फुकट वीज उधळतो अशी ओरडही होते.

पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आणि इतर ग्राहक प्रतिनिधींनी विचारलं, ‘हा आकडा कशावरून काढला? पंप किती, ते तास किती चालतात, गुणाकार करून दाखवा.’ तो गुणाकार जुळेना. अखेर गळती ३० टक्क्यांच्या वर असल्याचं पुढे आलं.

वर्षानुवर्षं विधिमंडळात, वर्तमानपत्रांत विजेवर भांडणं झाली होती. पण हा आकडा बाहेर आला तो मंडळाला लेखी उत्तर द्यावं लागलं तेव्हा. आजही शेतीपंपांचा वापर हा महाराष्ट्रातल्या सुनावणीत वादाचा मुद्दा असतो, यावरून त्या प्रश्नाची ताकद लक्षात येईल.

वीज कायद्यानं आयोगाला ग्राहकांच्या वतीनं बोलणारे प्रतिनिधी नेमायचाही अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत आणि काही उद्योग संघटनांना तशी मान्यता मिळाली. पण सामान्य ग्राहकानं बोलायला कुणाच्या मान्यतेची गरज नाही.

बातमीत न दिसणाऱ्या गोष्टी

‘सरासरी दरवाढ इतके टक्के’ एवढंच वाचून थांबू नका. समजा, स्थिर आकार महिन्याला ३० रुपयांनी वाढला. ज्याचं बिल ३,००० आहे त्याला ही वाढ एक टक्का. ज्याचं बिल ३०० आहे त्याला दहा टक्के. दोन पंखे आणि तीन दिवे असलेल्या घराला जास्त चटका बसतो, आणि सरासरीत तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट, बिलातली प्रत्येक ओळ आयोगाच्या हातात नसते. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार आयोग ठरवतो. इंधन समायोजन आकार आयोगाच्या सूत्रानुसार वर्षाच्या मध्येही बदलतो. पण वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. तो कमी करा असं आयोगापुढे सांगून उपयोग नाही, ते आमदाराला सांगा.

तिसरी गोष्ट मोफत विजेची. कर्नाटकात घरांसाठी २०० युनिटांपर्यंत ‘गृहज्योती’ आहे. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी २०२४ पासून योजना आहे. कायद्याचं कलम ६५ सांगतं की सरकारनं सवलत जाहीर केली तर तिचे पैसे कंपनीला आगाऊ द्यावेत. पैसे थकले की कंपनी कर्ज काढते आणि त्या व्याजाचा प्रश्न पुन्हा दराशी येऊन भिडतो. त्यामुळे सुनावणीत हाही प्रश्न रास्त आहे : सरकारकडून येणं किती, आलं किती?

दरवाढ नको, एवढंच पुरेसं आहे का?

आता दुसरी बाजू. दर वाढलाच नाही की आपण जिंकलो असं वाटतं. दिल्लीचं उदाहरण बघा. तिथे मान्य झालेला खर्चही दरातून वेळेवर वसूल झाला नाही, पुढे ढकलला गेला. याला ‘रेग्युलेटरी ॲसेट’ म्हणतात. साध्या भाषेत, ग्राहकांच्या नावावरची उधारी. दिल्लीत ती व्याजासकट २७,००० कोटींच्या पुढे गेली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही साचलेली रक्कम मुदतीत चुकती झाली पाहिजे. आणि निवाडा फक्त दिल्लीपुरता नाही.

म्हणून ‘एक पैसाही वाढ नको’ हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण आयोगाला त्यावर काही करता येत नाही. खरा खर्च द्यावाच लागतो. फुगवलेला खर्च, अकार्यक्षमतेचा खर्च आपण का द्यावा, हे विचारायचं असतं.

मग करायचं काय?

वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते तेव्हा तिच्यातली शेवटची तारीख आधी बघा. अर्ज आणि सारांश आयोगाच्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. सगळी शेकडो पानं वाचायची गरज नाही. तुमच्या वर्गाचा दरतक्ता, गळतीचा तक्ता आणि वीजखरेदीचा तक्ता, एवढं पुरे.

हरकत लेखी द्या. एक पान चालेल. एका मुद्द्याला एक परिच्छेद ठेवा : अर्जातला आकडा, तुमची शंका, तुमची मागणी. स्वतः बोलायचं असेल तर तसं त्यात लिहा. महावितरणच्या अर्जावर नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी सुनावणी होते. बोलायला थोडी मिनिटं मिळतात, म्हणून सर्वांत वजनदार मुद्दा आधी मांडा. डीपी चार दिवस जळलेला होता, ही तक्रार खरी असली तरी तिच्यासाठी तक्रार निवारण मंच आहे. मात्र देखभालीवर इतके कोटी दाखवता आणि आमच्या तालुक्यात डीपी बदलायला चार दिवस का लागतात, हा प्रश्न सुनावणीतला आहे.

आदेश आला की तो उघडून बघा. त्यात लोकांच्या हरकती, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत क्रमानं छापलेलं असतं. आदेशानंतरही लक्ष ठेवा. महाराष्ट्रात २८ मार्च २०२५ च्या आदेशानं दर कमी झाले, महावितरणच्या विनंतीवरून काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनच्या फेरविचार आदेशानं १ जुलैपासून वेगळे दर आले. आदेश मान्य नसेल तर ४५ दिवसांत विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

सुनावणीच्या सभागृहात कंपनीचे अधिकारी, वकील, सल्लागार पूर्ण तयारीनं बसलेले असतात. समोरच्या खुर्च्यांवर ग्राहक नसेल तर कंपनीचा आकडा न तपासताच पुढे सरकतो. पुढच्या वेळी जाहीर सूचना दिसली की कात्रण काढून ठेवा, सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाका, आणि तिघाचौघांनी मिळून एक पान लिहा. लिहिताना काही अडलं तर जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात.